गर्भपिशव्यांची चौकशी : कलबुर्गी ते बीड

आळंद, चिंचोळी, काळगी या कलबुर्गी जिल्ह्यातल्या तालुक्यांत तांड्यावरच्या बायकांशी आजारपणाविषयी बोलू लागले की दोन ऑपरेशनांचा उल्लेख पुष्कळदा येतो. आधी मुले बंद करण्याचे, मग पिशवी काढण्याचे. पहिले बहुधा सरकारी दवाखान्यात झालेले असते. दुसरे शहरातल्या खासगी रुग्णालयात, कर्ज काढून. या दुसऱ्या ऑपरेशनाची 2015 पासून कर्नाटकात आणि 2019 पासून मराठवाड्यात सरकारी चौकशी झाली. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकालही दिला. या चौकश्यांनी काय शोधले, कोणाचे म्हणणे काय आहे आणि कोणते प्रश्न अजून लोंबकळत पडले आहेत, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी

बिदर आणि कलबुर्गी हे जुन्या हैदराबाद संस्थानातले जिल्हे. डी. एम. नंजुंडप्पा समितीने 2002 मध्ये कर्नाटकातल्या प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला, तेव्हा सर्वांत मागास तालुक्यांचा मोठा भाग याच पट्ट्यात निघाला. पुढे या भागासाठी घटनेत 371 (जे) हे कलम आले आणि 2019 मध्ये ‘हैदराबाद कर्नाटक’चे ‘कल्याण कर्नाटक’ झाले. कलबुर्गी आणि बिदर शहरांत आज सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पण तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ कायम मिळेलच याचा भरवसा नाही, आणि अंगावरून पांढरे जाणे, पाळी जास्त जाणे, कंबर भरून येणे या तक्रारी घेऊन बाई दवाखान्याची पायरी चढते तीच मुळात दुखणे असह्य झाल्यावर. त्यात लग्न कोवळ्या वयात, दोन-तीन बाळंतपणे लागोपाठ आणि विशीतच नसबंदी. पंचविशीत असलेल्या बाईला ‘आता पिशवीचा उपयोग काय’ असे सांगितले गेले तर त्याला उत्तर देण्याजोगी माहिती तिच्याजवळ नसते.

गर्भाशयाच्या अनावश्यक शस्त्रक्रियांची तक्रार देशात याआधीही झाली होती. राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात 2010-11 च्या सुमारास माहिती अधिकारातून खासगी रुग्णालयांच्या नोंदी बाहेर आल्या. 2012 मध्ये छत्तीसगड आणि बिहारमधून अशाच बातम्या आल्या. बिहारमध्ये त्यांचा संबंध 2008 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेशी होता. योजनेत कुटुंबाला वर्षाला तीस हजार रुपयांचे संरक्षण होते आणि कार्डावरची ती रक्कम उचलण्यासाठी शस्त्रक्रिया केल्या गेल्या, असा आरोप झाला. कलबुर्गीचे प्रकरण इथे वेगळे पडते. तिथल्या बायकांनी पैसे रोख मोजले. कोणी दागिना मोडला, कोणी जनावर विकले, कोणी सावकाराकडून उचलले. त्यामुळे विमा योजनांवर नजर ठेवली की हा प्रकार थांबेल, हा तर्क कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागाला पुरता लागू होत नाही.

कलबुर्गीची चौकशी

2015 मध्ये लंबाणी तांड्यांवरच्या आणि दलित वस्त्यांमधल्या बायकांच्या तक्रारी पुढे आल्या. कर्नाटक जनारोग्य चळुवळी आणि विमोचना या संघटनांनी पाठपुरावा केला, आरोग्य खात्याने समिती नेमली, आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरात चार खासगी रुग्णालयांचे परवाने रद्द झाल्याचे जाहीर झाले. फेब्रुवारी 2017 मध्ये बायका कलबुर्गीच्या रस्त्यावर उतरल्या, कारण संघटनांच्या म्हणण्याप्रमाणे परवाने रद्द होऊनही रुग्णालये चालूच होती. या शस्त्रक्रियांना बळी पडलेल्या बायकांचा आकडा संघटनांनी 2,258 असा मांडला. राज्याच्या महिला आयोगाकडे, वैद्यक परिषदेकडे, पोलिसांकडे, सगळीकडे अर्ज गेले.

त्या काळातल्या तक्रारींचा साचा एकच दिसतो. पोटदुखी किंवा पांढरे जाणे, पहिल्याच भेटीत सोनोग्राफी, ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी सडली आहे’, ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे निदान, आणि दोन-चार दिवसांत ऑपरेशन. गर्भाशयमुखाची साधी तपासणी नाही, अस्तराचा तुकडा तपासायला पाठवणे नाही, आधी औषधे देऊन पाहणे नाही.

अशा बाईकडे असलेली कागदपत्रे एकदा नीट पाहावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला डिस्चार्ज कार्डाचा कागद, उष्णतेने छापलेला आणि पांढरा पडत चाललेला सोनोग्राफीचा फोटो, औषधाच्या दोन-तीन चिठ्ठ्या. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेच्या नावापुढे कधी कधी ‘टीएएच विथ बीएसओ’ अशी अक्षरे असतात. म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढले आणि त्याबरोबर दोन्ही अंडाशये आणि बीजवाहिन्याही काढल्या. अंडाशये गेली की रजोनिवृत्ती त्याच दिवशी सुरू होते. तिशीतल्या बाईला अंगाच्या लाहीपासून हाडे ठिसूळ होण्यापर्यंत सगळे कितीतरी वर्षे आधी भोगावे लागते. हे त्या कागदावर लिहिलेले असते, पण बाईला कोणी वाचून दाखवलेले नसते. संमतिपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, घरची बोली गोरमाटी किंवा मराठी, आणि खाली अंगठा. आणखी एक कागद तिथे असायला हवा : काढलेल्या अवयवाचा प्रयोगशाळेतला तपासणी अहवाल. पिशवीत खरोखर रोग होता की नव्हता, हे सांगणारा सर्वांत स्वस्त आणि निःपक्ष पुरावा तोच, आणि नेमका तोच सापडणे कठीण असते.

परवान्याचा कायदा आणि त्याची मर्यादा

कर्नाटकात खासगी रुग्णालयांवर 2007 चा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा लागू आहे. त्यात नोंदणी देण्याचा आणि काढून घेण्याचा अधिकार आहे, म्हणून कलबुर्गीत सरकारचे पहिले पाऊल परवान्यावर पडले. परवाना हे चौकशीचे सोपे हत्यार आहे, कारण त्याला गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. नोंदवह्या अपुऱ्या, मनुष्यबळ अपुरे, एवढे दाखवले तरी चालते. पण त्याच कारणाने ते बोथटही आहे. परवाना गेल्याने कोणत्या बाईवर कोणता अन्याय झाला हे ठरत नाही, भरपाईचा प्रश्न निघत नाही, आणि अपिलाची वाट मोकळी राहते.

2017 मध्ये न्यायमूर्ती विक्रमजित सेन समितीच्या शिफारशींनंतर हा कायदा दुरुस्त झाला. त्यावेळचे आरोग्यमंत्री के. आर. रमेश कुमार यांनी दर, रुग्णहक्कांची सनद आणि जिल्हा पातळीवरची तक्रार यंत्रणा कायद्यात आणण्याचा आग्रह धरला. नोव्हेंबरात राज्यभर खासगी डॉक्टरांनी संप केला, रुग्णांचे हाल झाले, आणि मसुद्यातल्या कडक तरतुदी सौम्य होऊन कायदा मंजूर झाला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचे नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरण ही त्यातली टिकलेली गोष्ट. डॉक्टरांच्या संघटनांचा एक मुद्दा मात्र खोडून काढण्यासारखा नाही : सरकारी रुग्णालये या कायद्याबाहेर राहिली. हावेरी जिल्ह्यातल्या राणेबेन्नूरच्या सरकारी रुग्णालयात सुमारे दीड हजार बायकांची गर्भाशये काढल्याचा आरोप झाला होता, आणि तिथेही लंबाणी बायकाच मोठ्या संख्येने होत्या. परवान्याच्या कायद्याने अशा प्रकरणाला हात लागत नाही. निष्काळजीपणा ठरवणे वैद्यक परिषदेकडे, आणि परिषद डॉक्टरांचीच.

फौजदारी मार्ग त्याहून अरुंद आहे. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सांगितले, की डॉक्टरवर फौजदारी निष्काळजीपणाचा खटला चालवायचा तर चूक ठळक आणि गंभीर असली पाहिजे आणि तपास अधिकाऱ्याने आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचे मत घ्यावे. नाहक खटल्यांपासून डॉक्टरांना संरक्षण मिळावे हा त्यामागचा हेतू योग्यच होता. पण एका जिल्ह्यात एका डॉक्टरविरुद्ध दुसऱ्याने लेखी मत द्यायचे, ही अट गरीब तक्रारदाराला फार जड जाते. संमतीच्या बाबतीत कायदा अधिक स्पष्ट आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा 2008 चा निकाल नेमका याच शस्त्रक्रियेचा आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशये काढली होती. न्यायालयाने म्हटले, की तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि तातडीचा धोका नसताना सज्ञान बाईऐवजी दुसऱ्याने दिलेली संमती चालत नाही. तांड्यावर नवऱ्याचा अंगठा घेऊन झालेल्या शस्त्रक्रियांना हा निकाल थेट लागू होतो. कलबुर्गीच्या चर्चेत त्याचा जेवढा वापर व्हायला हवा होता तेवढा झालेला दिसत नाही.

मराठवाड्याची बाजू

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या बातम्या आल्या, राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली आणि विधिमंडळात प्रश्न गाजला. त्यावेळचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात दिलेल्या माहितीनुसार तीन वर्षांत जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत 4,605 गर्भाशये काढली गेली होती. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 ऊसतोड बायकांचे सर्वेक्षण झाले आणि 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशपातळीवर 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण 3.2 टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि पद्धत एक नाही, तेव्हा आकडे शेजारी ठेवताना तेवढी सावधगिरी हवी. पण तफावत एवढी मोठी आहे की वयोगटाने ती भरून निघत नाही.

बीडच्या चौकशीने एक गोष्ट ठळक केली जी कलबुर्गीत मागे राहिली होती : मजुरीची रचना. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल, आणि कामावर न गेल्यास कापला जाणारा खाडा. पाळीच्या दिवसांत उसाच्या फडात पाणी नाही, आडोसा नाही. पिशवीच नसली तर खाडा नाही, हा हिशेब बाईच्या डोक्यात आपोआप येत नाही, तो तिच्याभोवतीच्या व्यवस्थेने तयार केलेला असतो. बीडमध्ये त्यानंतर खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले.

भूमिका

हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांचे म्हणणे असे, की हा तुटक चुकांचा प्रश्न नाही. ठरावीक जातींच्या, ठरावीक वस्त्यांमधल्या बायका ठरावीक रुग्णालयांत पोहोचवल्या गेल्या, त्यात मध्यस्थांची साखळी होती, म्हणून याकडे संघटित गुन्हा म्हणून पाहावे आणि अनुसूचित जातींवरील अत्याचाराचा कायदाही लावावा. लंबाणी कर्नाटकात अनुसूचित जातीत येतात, त्यामुळे ही मागणी कायद्याच्या चौकटीत बसते.

स्त्रीरोगतज्ज्ञांचा एक मोठा वर्ग अनावश्यक शस्त्रक्रिया होतात हे मान्य करतो, पण सरसकट आरोपाला विरोध करतो. बाई येते तीच मुळात वर्षानुवर्षे अंगावर दुखणे काढून. सहा महिने गोळ्या घ्या आणि दर महिन्याला दाखवायला या, असे सांगितले तर ती येत नाही, कारण तिला मुंबईला, पुण्याला किंवा हैदराबादला मजुरीला जायचे असते. हार्मोनची तांबी बसवून रक्तस्राव आटोक्यात येतो, पण ती महाग आहे आणि सरकारी दवाखान्यात सहजी मिळत नाही. ‘एकदाचे काढून टाका’ असे ती स्वतः म्हणते. या युक्तिवादात तथ्य आहे. मात्र त्याने कॅन्सरची भीती घालणे आणि अंडाशयेही सोबत काढणे यांचे समर्थन होत नाही.

सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक दोन्ही बाजूंच्या मध्ये उभे आहेत. राष्ट्रीय पाहणीनुसार दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी क्षेत्रात होतात आणि शस्त्रक्रियेचे मध्यम वय तिशीच्या मध्यात आहे. आंध्र प्रदेश, तेलंगण आणि बिहार यांचे प्रमाण देशात सर्वांत वर. गुन्हेगार शोधावेत, पण तालुक्यात स्त्रीरोगांवर साधे, स्वस्त उपचार मिळत नाहीत तोवर बाई पुन्हा त्याच दारात जाणार, असे हे अभ्यासक म्हणतात. बिदर-कलबुर्गीच्या पूर्वेला तेलंगण लागून आहे, ही गोष्ट इथे लक्षात ठेवण्याजोगी.

प्रशासनाचा कल नियमांकडे आहे. सर्वोच्च न्यायालयात डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या 2013 च्या जनहित याचिकेवर 5 एप्रिल 2023 रोजी निकाल लागला. केंद्राने 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश झाला. त्यात राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आहेत, शस्त्रक्रियांची यादी ठेवण्याची आणि चाळिशीच्या आतल्या बायकांच्या प्रकरणांकडे विशेष लक्ष देण्याची अपेक्षा आहे. दोषी रुग्णालयांना काळ्या यादीत टाकण्याचा मार्गही त्यात खुला आहे.

काय अनिर्णित आहे

पहिली अडचण व्याख्येची. ‘अनावश्यक’ कोणी ठरवायचे? वय हा निकष सोपा, पण चाळिशीच्या आतल्या काही बायकांना शस्त्रक्रियेची खरी गरज असते आणि पंचेचाळिशीतल्या बाईचेही गर्भाशय विनाकारण निघू शकते. बीडच्या परवानगी पद्धतीवर डॉक्टरांचा आक्षेप आहे की रक्तस्रावाने खंगलेल्या बाईला कागदांची वाट पाहावी लागते. समर्थक म्हणतात, दुसऱ्या डॉक्टरची नजर पडते एवढे पुरेसे आहे. माझ्या मते प्रत्येक काढलेल्या गर्भाशयाचा प्रयोगशाळेतला अहवाल सक्तीने जिल्हा समितीकडे गेला, तर आधीच्या परवानगीवरचा निम्मा वाद संपेल. कोणत्या रुग्णालयातून वारंवार निरोगी गर्भाशये येतात, हे वर्षभरात उघड दिसेल.

सीमेचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्याकडे कोणत्याच समितीचे लक्ष गेलेले नाही. आळंदची बाई उमरग्याला किंवा सोलापूरला जाते, बिदर जिल्ह्यातल्या भालकी आणि औरादची उदगीरला, लातूरला, चिंचोळीची झहीराबादला किंवा हैदराबादला. तिकडून इकडे येणाऱ्याही आहेत. कर्नाटकात खासगी रुग्णालयांवर राज्याचा 2007 चा कायदा, महाराष्ट्रात 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. परवानगीची अट एका जिल्ह्यात लावली की रुग्ण शेजारच्या जिल्ह्यात किंवा राज्यात जाऊ शकतो, आणि मग ती शस्त्रक्रिया दोन्हीकडच्या पाहणीतून निसटते. जातीच्या नोंदीही जुळत नाहीत. लंबाणी म्हणजेच बंजारा समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत मोडतो. तीन राज्यांचे आकडे एकत्र करायचे म्हटले तरी रकानेच निराळे.

तिसरी उणीव सर्वांत जास्त सलते. चौकश्यांनी रुग्णालये मोजली, शस्त्रक्रिया मोजल्या, पण ज्या बायकांची शरीरे त्यात होती त्यांच्या पुढच्या आयुष्याची जबाबदारी कोणावर, हे ठरवले नाही. बिहारमध्ये राज्य मानवी हक्क आयोगाने नुकसानभरपाईचा आदेश दिला, तसे उदाहरण कलबुर्गीत घडलेले नाही. अंडाशये गेलेल्या बाईला कॅल्शियम, हाडांची तपासणी, गरजेप्रमाणे हार्मोन्स, हृदयाची काळजी वर्षानुवर्षे लागते. हे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या बायकांची नावे घेऊन सुरू करायला ना न्यायालयाचा आदेश लागतो, ना कोणाचा दोष सिद्ध व्हावा लागतो. कलबुर्गीच्या समित्यांचे अहवाल कन्नड आणि मराठीत गावोगावी वाचायला मिळावेत, ही मागणीही तशीच साधी आहे.

शेवटी एक नियम सीमाभागातल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितल्यास ते 72 तासांत द्यावे लागतात. कलबुर्गीत ज्या बायकांची शस्त्रक्रिया 2015 च्या आधी झाली, त्यांच्याबाबत ती मुदत केव्हाच उलटून गेली आहे. आपल्या घरात गेल्या दोन-तीन वर्षांत कोणाची पिशवी काढली असेल तर लेखी अर्ज करून डिस्चार्ज कार्ड, संमतिपत्र आणि काढलेल्या अवयवाचा तपासणी अहवाल या तिन्हींच्या प्रती आजच मागून घ्या आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.